लाइक येतात, शिक्षक येत नाहीत

पत्र

"आम्ही दोघं मिळून एक वेब-ॲप चालवतो. गिटार, गाणं, चित्रकला, परकी भाषा असं काही एकेका विद्यार्थ्याला शिकवणाऱ्या शिक्षकांचं वेळापत्रक ते सांभाळतं. कुणी तास रद्द केला की ती वेळ दुसऱ्या विद्यार्थ्याला आपोआप विचारली जाते. प्रोग्रॅमिंग मी बघते, बाकी सगळं माझा को-फाउंडर. गेले काही महिने आम्ही चार ठिकाणी रोज पोस्ट टाकतोय. फॉलोअर हजारांत गेले, लाइक भरपूर, कौतुकही खूप. पण ॲप खरोखर वापरणारे शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. को-फाउंडर म्हणतो, साइट फार साधी दिसते म्हणून लोक थांबत नाहीत. ॲनिमेशन, गडद थीम आणि आणखी चार फीचर हवीत. मला वाटतं आहे तेच जास्त झालंय. त्यात एक एजन्सी फॉलोअर वाढवून देतो म्हणून मागे लागली आहे. आधी मार्केटिंग सुधारायचं की डिझाइन? साइटची आणि खात्यांची लिंक सोबत देत आहे. — दोघांतली एक"

उत्तर

या वादात मी तुमच्या बाजूची आहे, पण पूर्ण नाही. साइटवर जास्त झालंय हे खरं. आलेला माणूस थांबत नाही, हे तुमच्या को-फाउंडरचं निरीक्षणही खरं. कारण मात्र त्यांनी भलतंच धरलंय. मार्केटिंग आणि डिझाइन असे दोन कप्पे तुम्ही दोघांनी कामं वाटून घेताना केलेत, पोस्टवर बोट ठेवणाऱ्या शिक्षकाला ते माहीत नसतात. पोस्ट वाचून त्याच्या मनात एक वाक्य अर्धवट राहिलेलं असतं आणि उरलेलं अर्धं तो तुमच्या पानावर शोधतो. तुमची पोस्ट एक बोलते आणि पान दुसरंच बोलतं. घोडं तिथे पेंड खातंय.

तुमची लिंक मी शिक्षक उघडतील तशी उघडली, म्हणजे फोनवर, इन्स्टाग्रामच्या आतून. पोस्टमध्ये प्रश्न होता: "विद्यार्थ्याने ऐनवेळी तास रद्द केला तर तुम्ही काय करता?" प्रश्न उत्तम आहे, कुठल्याही शिक्षकाचं स्क्रोल करणारं बोट तिथे थबकेल. बायोमधल्या लिंकवर गेले. पान उघडायला वेळ लागला, कारण वर पडदाभर व्हिडिओ आहे: लॅपटॉप, खिडकीतून येणारं ऊन, हसणारी तरुण मंडळी. त्यात शिक्षक दिसत नाही, वेळापत्रक दिसत नाही. वर बारीक पांढऱ्या अक्षरांत "शिकण्याचं भविष्य घडवूया". ऊन पांढरं आणि अक्षरंही पांढरी. खाली तीन बटणं, "सुरू करा", "अधिक जाणून घ्या", "डेमो बुक करा". यातलं कुठलं दाबावं याचा विचार करतेय तोवर न्यूजलेटरची खिडकी आडवी आली, तिची फुली मुंगीएवढी. ती मिटवली तर कोपऱ्यातून चॅटचा फुगा वर आला. नमनालाच घडाभर तेल जळलं, आणि तास रद्द झाल्यावर करायचं काय हे अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग "सुरू करा". फॉर्ममध्ये नाव, आडनाव, ईमेल, फोन, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, संस्थेचं नाव, विद्यार्थिसंख्या. स्वतःच्या घरी गिटार शिकवणाऱ्या माणसाने संस्थेचं नाव काय लिहायचं? त्यापेक्षा वरचं "गूगलने लॉगिन करा" बरं म्हणून ते दाबलं. एरर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला.

ही चूक कोडमध्ये शोधत बसू नका. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमधून उघडलेली लिंक सहसा फोनच्या ब्राउझरमध्ये जात नाही, त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. अशा आतल्या ब्राउझरमधून होणारं लॉगिन गूगलने बंद केलेलं आहे. २०१६ साली तसं जाहीर केलं आणि २०१७ पासून अडवायला सुरुवात केली. कारण रास्त आहे, ज्या ॲपच्या पोटात पान उघडलंय ते ॲप टाइप केलेला पासवर्ड टिपू शकतं. पण त्यामुळे होतं असं, की तुमच्या लॅपटॉपवर झकास चालणारं बटण नेमकं सोशल मीडियावरून आलेल्या माणसासाठी बंद पडलेलं असतं. महिनोन्‌महिने ज्या दाराकडे तुम्ही लोकांना बोलावताय ते बाहेरून उघडत नाही, आणि आत बसलेल्या तुम्हा दोघांना ते कळायला मार्ग नाही. आतला ब्राउझर ओळखून तिथे हे बटण लपवा आणि ईमेलवर सहा आकडी कोड पाठवून आत घ्या. हे काम या आठवड्यात व्हायला हवं. बाकीचं सावकाश झालं तरी चालेल.

पानाचा मथळा पोस्टच्याच शब्दांत लिहा. "ऐनवेळी तास रद्द झाला? ती वेळ रिकामी जाऊ देऊ नका." त्याखाली हे कसं घडतं ते सांगणारी एकच ओळ. व्हिडिओच्या जागी ॲपच्या पडद्याचं खरं चित्र लावा: मंगळवारी संध्याकाळी पाचचा तास रद्द, आणि शेजारी ती वेळ मागणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव. तुमच्या "आमची वैशिष्ट्ये" या लांबलचक यादीचं निम्मं काम हे एक चित्र करेल. बटण एकच ठेवा आणि त्यावर "आठवड्याचं वेळापत्रक लावून बघा" असं लिहा, म्हणजे दाबल्यावर पुढे काय येणार ते आधीच कळेल. दाबल्यावर खरोखरच रिकामं वेळापत्रक आलं पाहिजे, फॉर्म नव्हे. शिक्षकाने आपले चार तास त्यात मांडले आणि जतन करायची वेळ आली, की तेव्हा ईमेल मागा. तोवर त्याने स्वतःचं काहीतरी तिथे ठेवलेलं असतं, त्यामुळे ईमेल द्यायला तो कुरकुरत नाही. फोन नंबर आणि विद्यार्थिसंख्या तुम्हाला कशाला हवी आहे हे मला समजलं नाही. बहुधा तुम्हीही कधी ठरवलेलं नाही, फॉर्म कुठून तरी तयार उचललाय.

बारीकसारीक गोष्टींना ठरलेली मापं आहेत, त्यावर वाद घालू नका. साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ असावा, असं वेबच्या सुलभतेचे मानक नियम सांगतात. बोटाने दाबायच्या जागेसाठी ॲपलचं माप ४४ पॉइंट, अँड्रॉइडसाठी गूगलचं ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची लांबी मोजायची एककं). पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसला तर गूगल त्याला चांगलं म्हणतं. व्हिडिओ काढलात की हे शेवटचं आपोआप जमेल.

तुमच्या को-फाउंडरच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे ते इथे सांगते. पान मोकळं केलं की ते समजतंच असं नाही. गूगलचं सुरुवातीचं पान इतकं रिकामं होतं की चाचणीला बसवलेली माणसं नुसतीच बघत राहिली, पान अजून पूर्ण उघडायचंय असं त्यांना वाटलं. तेव्हा गूगलमध्ये असलेल्या मारिसा मेयर यांनी हा किस्सा सांगितलेला आहे. मग तळाशी कॉपीराइटची ओळ टाकण्यात आली, ती पान संपलं हे कळावं म्हणून. तेव्हा काढून टाकताना विचार करा, की जे उरलंय त्यावरून अनोळखी माणसाला पुढचं पाऊल दिसतंय का. दिसत नसेल तर एखादी ओळ परत आणा. गडद थीमने मात्र यातलं काहीच होणार नाही.

चार नव्या फीचरबद्दल. तुम्ही ज्या इन्स्टाग्रामवर रोज पोस्ट टाकता त्याचा जन्मच कापाकापीतून झालाय. आधी त्याचं नाव बर्बन होतं. त्यात चेक-इन, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळवायची सोय, होतं, मित्रांबरोबर बेत ठरवायची सोय होती, पॉइंट होते आणि फोटोही होते. लोक वापरत होते ते फोटो. त्याचे संस्थापक केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रिगर यांनी फोटो, कॉमेंट आणि लाइक एवढं ठेवून बाकीचं काढलं, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ते नव्या नावाने आणलं. पहिल्याच दिवशी सुमारे २५,००० जणांनी ते घेतलं. (यशोगाथा सांगता सांगता घासूनपुसून लख्ख होतात. कापलं की धो धो माणसं येतात असा अर्थ यातून काढू नका.) घेण्यासारखं इतकंच, की काय ठेवायचं हे त्यांनी लोकांच्या वापरावरून ठरवलं, बैठकीत मत घेऊन नाही. तुमच्याकडे मोजकेच पण खरे शिक्षक आहेत. ते रोज काय उघडतात आणि कशाला कधीच हात लावत नाहीत, हे तुमच्या डेटाबेसमध्ये पडलेलं आहे. एका संध्याकाळी दोघांनी शेजारी बसून ते वाचा.

आणि एखादं फीचर हवंच असं को-फाउंडरना वाटत असेल, तर कोड लिहिण्याआधी मागणी तपासता येते. पोस्ट ठरावीक वेळी आपोआप टाकणारं बफर हे साधन जोएल गॅस्कॉइन यांनी २०१० मध्ये सुरू केलं तेव्हा आधी नुसती दोन पानं होती. एकावर हे साधन काय करेल ते, आणि बटण दाबलं की दुसऱ्यावर "आम्ही अजून तयार नाही, ईमेल देऊन ठेवा". लोकांनी ईमेल दिले, तेव्हा त्यांनी मधे दरांचं पान घातलं. फुकटात रस आहे की पैसे मोजायचीही तयारी आहे, ते बघायला. दर बघूनही लोक पुढे सरकले, आणि मग त्यांनी बांधायला घेतलं. तुमची चार फीचर म्हणजे चार बटणं. कुणी दाबतंय का बघा.

पान बदललं की पाच शिक्षकांना बसवा, प्रत्येकाला वेगवेगळं. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय की पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या बहुतेक अडचणी उघड्या पडतात. फोन त्यांचा, लिंक तुमच्या पोस्टमधून, आणि तुम्ही दोघांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. "इथे दाबायचं असतं" असं म्हणावंसं वाटेल, त्या जागा लिहून ठेवा.

आता पोस्टकडे. मी तुमची खाती खालपर्यंत चाळली. सर्वांत जास्त लाइक कशाला आहेत? "स्टार्टअपने आम्हाला काय शिकवलं", रात्री जागून केलेल्या कामाचा फोटो, नवा लोगो. लाइक देणाऱ्यांची प्रोफाइल उघडून बघा. कुणी संस्थापक, कुणी प्रॉडक्ट डिझायनर, कुणी ग्रोथमध्ये, म्हणजे ग्राहक वाढवण्याच्या कामात. भली मंडळी आहेत, एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात, पण त्यातलं कुणी गिटार शिकवत नाही. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. पोस्ट पुढे कुणाला दाखवायची हे ठरवताना फीडची यंत्रणा आधीच्या पोस्टला कुणी प्रतिसाद दिला ते बघते. संस्थापकांनी लाइक दिलं की पुढची पोस्ट आणखी संस्थापकांकडे जाते. हजारांतले फॉलोअर तुम्ही मेहनतीने जमवलेत, यात शंका नाही. फक्त ते दुसऱ्याच कुणाचे गिऱ्हाईक आहेत. हा मजकूर बंद करा. अगदीच राहवत नसेल तर स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर टाका.

चार ठिकाणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. जे शिक्षक आज ॲप वापरतात त्यांना फोन करून विचारा, की शिकवण्याविषयी काही अडलं तर तुम्ही कुठे विचारता. जे नाव पुन्हा पुन्हा येईल तिथे राहा, बाकी खाती नावापुरती ठेवा. बरेचदा ते ठिकाण म्हणजे फीड नसतंच, एखादा शिक्षकांचा ग्रुप असतो, जिथे तुमच्या लोगोला कुणी विचारत नाही. तिथे आधी नुसतं वाचा. फी आगाऊ घ्यावी का, पालक वेळ पाळत नाहीत तर काय करावं, सुट्टीतले तास कसे भरून काढावेत, असे प्रश्न तिथे रोज पडतात. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच येतं त्याला ॲपचं नाव न घेता उत्तर द्या. कुणी आपणहून विचारलं की सांगा. हे काम संथ आहे आणि त्याचा आलेख काढता येत नाही, म्हणून बहुतेक स्टार्टअप ते टाळतात.

स्वतःच्या खात्यावर आठवड्याला दोन पोस्ट पुष्कळ झाल्या, पण त्यात ॲप चालताना दिसू द्या. वीस सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या: तास रद्द झाल्याचा निरोप येतो, शिक्षिका एक बटण दाबते, दुसऱ्या विद्यार्थ्याचं "येतो" येतं, चौकोन पुन्हा भरतो. आवाज बंद ठेवूनही समजावं म्हणून मजकूर चित्रावरच मोठ्या अक्षरांत. संगीत, उडणारी अक्षरं काही नको. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही, तरी तुम्ही प्रत्येक पोस्टखाली ती चिकटवता. ती काढा आणि बायोत एकच लिंक ठेवा. २०२३ पासून तिथे पाच लिंक देता येतात हे खरं, पण पाच देता येतात म्हणून पाच द्यायच्या असं नाही.

एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. तुमची लिंक कुणी ग्रुपमध्ये टाकली की शेजारी करडा रिकामा चौकोन येतो आणि शीर्षक म्हणून नुसतं "होम". पानाच्या कोडमध्ये ओपन ग्राफचे टॅग नाहीत. फेसबुकने २०१० मध्ये ही पद्धत आणली. आता व्हॉट्सॲपपासून लिंक्डइनपर्यंत सगळे त्यातूनच शीर्षक, वर्णन आणि चित्र उचलतात. १२०० बाय ६३० पिक्सेलचं एक चित्र आणि दोन ओळी, तासाभराचं काम. एका शिक्षकाने दुसऱ्याला पाठवलेली लिंक हीच तुमची सर्वांत महत्त्वाची जाहिरात, आणि ती सध्या कोरी जातेय.

याहून मोठी संधी खुद्द ॲपमध्ये आहे. १९९६ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या हॉटमेलने प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ जोडली होती, तुम्हालाही फुकट ईमेल हवा असेल तर इथे या. वापरणारा माणूस नुसतं पत्र लिहायचा आणि जाहिरात आपोआप पोहोचायची. १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं तेव्हा वापरणारे ८० लाखांच्या पुढे गेले होते. तुमचं ॲप विद्यार्थ्यांना आणि पालकांना रोज निरोप पाठवतं: तास उद्या चारला, तास रद्द, ही वेळ चालेल का. त्यातले काही विद्यार्थी दुसऱ्या कुणाकडे चित्रकलाही शिकत असतील. निरोपाच्या तळाशी लहान अक्षरांत "हे वेळापत्रक अमुकवर लावलंय" एवढी ओळ लिंकसह द्या. शिक्षकाचं नाव मात्र वर आणि मोठं हवं, निरोप त्याचा आहे. कुणाला ती ओळ नको असेल तर काढायची सोय द्या. बहुतेक जण काढणार नाहीत.

मोजायचं काय? प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळं यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची ओळखखूण) लावा, म्हणजे कोण कुठून आलं ते कळेल. मग लाइक, फॉलोअर, रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली) हे आकडे दर सोमवारी बघणं सोडून द्या. दुसऱ्या आठवड्याचं वेळापत्रकही आपल्याकडेच लावणारे शिक्षक किती, एवढा एक आकडा भिंतीवर लिहा. बटणाचा रंग हिरवा की निळा यावर ए-बी टेस्ट, म्हणजे दोन रूपं वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना, करायच्या नादी लागू नका. गूगलने निळ्याच्या ४१ छटा तपासल्याची गोष्ट २००९ मध्ये त्यांचे डिझायनर डग्लस बोमन यांनी नोकरी सोडताना वैतागून सांगितली होती, पण त्यांच्याकडे निदान तेवढी माणसं येत होती. तुमच्याकडे येतात त्यांना फोन करता येतो.

आलेल्यांचे ईमेल परवानगीने जपून ठेवा आणि महिन्यातून एखादं कामाचं पत्र पाठवा. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, छोट्या व्हिडिओंचं ॲप वाइन २०१७ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथले फॉलोअर आपोआप कुणासोबत आले नाहीत.

राहिली एजन्सी. फॉलोअर वाढवून देणारी नको, ते आधीच नको तितके आहेत. पुढे पान नीट झालं, आलेले शिक्षक टिकायला लागले आणि जाहिरातींवर पैसे लावावेसे वाटले, तर एखादी चांगली एजन्सी जरूर घ्या. पहिल्या भेटीत ती तुमच्या शिक्षकांबद्दल विचारते की स्वतःच्या पुरस्कारांबद्दल सांगते, ते बघा. करारात लिहून घ्या की जाहिरात खातं, पिक्सेल (साइटवर कोण आलं ते टिपणारा जाहिरातीचा कोड), पेजचे ॲडमिन हक्क, डोमेन आणि ईमेलची यादी तुमच्याच नावावर राहील आणि त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश मिळेल. करार मोडला तर तो प्रवेश तुम्हाला त्याच दिवशी काढून घेता आला पाहिजे.